दोन राउटर आणि सांगोवांगीचा रस्ता

संगणकांची जाळी कशी चालतात हे शिकण्यासाठी घरच्या घरी एक छोटी प्रयोगशाळा मांडता येते. दोन संगणक, दोन जुने राउटर आणि तीन वायरी एवढे साहित्य पुरते. आम्हीही अशी मांडणी एका टेबलावर करून पाहिली. पहिला संगणक पहिल्या राउटरला जोडला, दुसरा संगणक दुसऱ्या राउटरला, आणि तिसऱ्या वायरीने दोन्ही राउटर एकमेकांना जोडले. पहिल्या राउटरला आपण 'अ' म्हणू आणि दुसऱ्याला 'ब'. 'अ'च्या बाजूच्या जाळ्याला १९२.१६८.१.० हा पत्ता दिला, 'ब'च्या बाजूच्या जाळ्याला १९२.१६८.२.०, आणि दोन राउटरांमधल्या जोडणीला १०.०.०.०.

मग 'अ'ला सांगून ठेवले, की १९२.१६८.२ ने सुरू होणाऱ्या पत्त्याचे काही आले तर ते 'ब'कडे द्यायचे. पहिल्या संगणकावरून दुसऱ्याला हाक मारून पाहिली. 'पिंग' ही आज्ञा त्यासाठीच असते. उत्तर आले नाही. वायरी तपासल्या, पत्ते तपासले. सगळे ठीक होते. शेवटी दुसऱ्या संगणकावर काय येते आणि काय जाते हे पाहिले, तेव्हा उलगडा झाला. हाक पोचत होती. दुसरा संगणक उत्तरही देत होता. पण ते उत्तर 'ब'पाशी येऊन अडत होते, कारण १९२.१६८.१.० हे जाळे कुठे आहे ते 'ब'ला कुणी सांगितलेच नव्हते. जायचा रस्ता माहीत असला म्हणजे यायचा माहीत असतोच, असे आपण माणसे धरून चालतो. राउटर तसे धरत नाही. 'ब'लाही एक ओळ सांगितली आणि लगेच उत्तर येऊ लागले.

टेबलावर दोनच राउटर होते, म्हणून दोन ओळी सांगून भागले. पण शेकडो, हजारो राउटर असतील तर प्रत्येकाला रस्ते कुणी सांगायचे? आणि वाटेतली एखादी वायर तुटली तर नवा रस्ता कुणी शोधायचा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतिहास पन्नासहून अधिक वर्षांचा आहे. तो जितका यंत्रांचा आहे, तितकाच 'ऐकलेल्या गोष्टीवर किती विश्वास ठेवायचा' या प्रश्नाचाही आहे.

पहिले दोन 'राउटर'

गंमत अशी, की आमच्या टेबलावरची मांडणी ही जगातल्या एका प्रसिद्ध मांडणीची जवळजवळ नक्कलच होती. १९६९ साली अमेरिकेत 'अर्पानेट' हे जाळे सुरू झाले तेव्हा त्यात दोनच संगणक होते आणि त्यांच्यामध्ये दोनच वाटाडी यंत्रे.

त्याआधीची पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. टेलिफोनवर दोन माणसे बोलत असतात तेव्हा सबंध तार त्या दोघांसाठी अडकून राहते. संगणक मात्र क्षणभर बोलतात आणि बराच वेळ गप्प बसतात. त्यांच्यासाठी तार अडवून ठेवणे परवडत नाही. मग संदेशाचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहावा आणि ज्या वेळी जी तार मोकळी असेल तिच्यावरून तो पुढे ढकलावा, ही कल्पना दोघांना स्वतंत्रपणे सुचली. अमेरिकेतील रँड संस्थेतल्या पॉल बॅरन यांनी ती १९६४ मध्ये सविस्तर मांडली. इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील डोनाल्ड डेव्हिस यांना ती १९६५ मध्ये सुचली. या तुकड्याला 'पॅकेट' हे नाव डेव्हिस यांनीच दिले.

पण हे तुकडे वाटेला लावायचे कुणी? विद्यापीठांतले मोठे संगणक आधीच कामाने दबलेले, आणि प्रत्येक संगणक वेगळ्या बनावटीचा. १९६७ साली वेस्ली क्लार्क यांनी सुचवले, की प्रत्येक ठिकाणी मोठ्या संगणकाशेजारी एक लहान संगणक ठेवावा आणि पॅकेटे घेणे-देणे एवढेच काम त्याच्याकडे द्यावे. ही यंत्रे घडवण्याचे काम बीबीएन या कंपनीला मिळाले. तिथल्या फ्रँक हार्ट यांच्या गटाने हनीवेल कंपनीचा डीडीपी-५१६ हा संगणक घेऊन हे यंत्र तयार केले. त्याचे नाव 'आयएमपी', उच्चारी 'इम्प'. आजच्या राउटरचा हा पूर्वज. तो कपाटाएवढा होता, वजन सुमारे ४०० किलो, आणि स्मृती अवघी २४ किलोबाइट. आज घरात इंटरनेटसाठी जी डबी लावतात तिची स्मृती त्याच्या हजारो पट असते.

पहिला इम्प लॉस एंजेलिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बसवला गेला. दुसरा तिथून साडेपाचशे किलोमीटरवरच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत. दोघांमध्ये सेकंदाला ५०,००० बिट वाहून नेणारी तार होती. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसहून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने 'लॉगिन' या शब्दाची इंग्रजी अक्षरे एकेक करून पाठवायला सुरुवात केली. 'एल' पोचले, 'ओ' पोचले, आणि पलीकडचा संगणक बंद पडला. दोष इम्पमध्ये नव्हता. पलीकडच्या संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये होता. तासाभरात तो दुरुस्त झाला आणि पूर्ण शब्द गेला.

या पहिल्या दिवशी रस्ता शोधण्याचा प्रश्नच नव्हता. दोन इम्प, एक तार. जायचे तर तिथूनच. प्रश्न उभा राहिला तो डिसेंबरमध्ये, जाळ्यात चार ठिकाणे झाल्यावर. लॉस एंजेलिस, स्टॅनफर्ड आणि सांता बार्बरा यांचा त्रिकोण झाला, आणि युटा स्टॅनफर्डला जोडले गेले. आता लॉस एंजेलिसहून युटाला जायला सरळ एक वाट होती आणि सांता बार्बरावरून वळसा घेणारी दुसरी. कोणती घ्यायची?

'पुढच्या फाट्याला विचारा'

एसटीतून उतरून अनोळखी गावी जाताना आपण काय करतो? फाट्यावर विचारतो. तिथला माणूस सबंध रस्ता सांगत नाही. 'असे सरळ जा, पुढच्या फाट्याला विचारा' म्हणतो. राउटरही एवढेच करतो. पॅकेट शेवटपर्यंत कसे जाईल हे त्याला ठाऊक नसते. कोणत्या शेजाऱ्याच्या हाती द्यायचे एवढेच ठाऊक असते.

आणि हे तरी त्याला कसे कळते? इम्पची रीत सोपी होती. प्रत्येक इम्प आपल्याजवळ एक तक्ता ठेवी: अमुक ठिकाण, इतके दूर, अमक्या शेजाऱ्याकडून. हा तक्ता तो एका सेकंदाच्या आतच पुन्हा पुन्हा आपल्या शेजाऱ्यांना ऐकवत राही. शेजारी मनाशी हिशेब करी: 'हा म्हणतो, युटा त्याच्यापासून एक टप्पा आहे. मी याच्यापासून एक टप्पा. म्हणजे याच्यामार्गे मला युटा दोन टप्पे.' तक्त्यात याहून लांबचा आकडा असेल तर तो खोडून हा लिहायचा. टप्प्यांऐवजी पॅकेटला लागणारा उशीर मोजला तरी हिशेब तोच. या हिशेबाचे गणित रिचर्ड बेलमन आणि लेस्टर फोर्ड यांनी १९५० च्या दशकात मांडलेले होते. त्यात कुणीही मुख्य नाही, कुणाजवळही सबंध नकाशा नाही, आणि तरी थोड्या वेळात प्रत्येकाला सर्वांत जवळचा रस्ता सापडतो. एखादा इम्प बंद पडला तरी बाकीचे आपापसांत बोलून वाट काढतात.

अर्थात ही सगळी माहिती सांगोवांगीची. युटा दोन टप्प्यांवर आहे हे इम्पने पाहिलेले नसते. शेजाऱ्याने सांगितलेले असते. शेजाऱ्याला त्याच्या शेजाऱ्याने.

अफवा मोजून पाहू

सांगोवांगीत काय चुकू शकते ते पाहायला दोन राउटरही पुरतात. हा प्रयोग वर्गात दोन मुलांना 'अ' आणि 'ब' करून कागदावर करता येतो. 'अ'च्या पलीकडे एक जाळे आहे, त्याला 'क्ष' म्हणू. 'अ'च्या कागदावर लिहिलेले आहे: 'क्ष, एक टप्पा, सरळ.' 'ब'च्या कागदावर: 'क्ष, दोन टप्पे, अ-मार्गे.'

आता 'क्ष'कडे जाणारी वायर तुटली असे समजा. 'अ' आपल्या कागदावरची ओळ खोडतो. पण तो हे सांगणार इतक्यात 'ब'ची पाळी येते आणि तो नेहमीप्रमाणे म्हणतो, 'क्ष माझ्यापासून दोन टप्पे आहे.' 'ब'चा रस्ता आपल्यावरूनच जातो हे 'अ'ला माहीत नाही. त्याला वाटते, 'ब'ला दुसरी एखादी वाट सापडलेली दिसते. तो लिहितो: 'क्ष, तीन टप्पे, ब-मार्गे.' मग 'अ' आपला तक्ता ऐकवतो. 'ब'चा रस्ता 'अ'वरूनच जात असल्यामुळे 'अ'चा नवा आकडा त्याला मान्य करावाच लागतो. तो लिहितो, 'चार.' मग 'अ' पाच, 'ब' सहा. तिकडे 'क्ष'साठी आलेले पॅकेट 'अ' 'ब'कडे देतो आणि 'ब' पुन्हा 'अ'कडे. खोटे कुणीच बोललेले नाही. प्रत्येकाने ऐकलेले इमानाने सांगितले, आणि तरीही नसलेला रस्ता दोघांच्या तक्त्यांत जिवंत राहिला.

अर्पानेटच्या अभियंत्यांना हा अनुभव आला. नवा, जवळचा रस्ता उघडल्याची बातमी जाळ्यात भराभर पसरे. रस्ता बंद झाल्याची बातमी मात्र रेंगाळे.

यावर काढलेले उपाय साधे आहेत. १९८८ साली 'रिप' या नावाने रस्ते सांगण्याची जी पद्धत लिखित स्वरूपात ठरवली गेली, तिच्यात १६ हा आकडा म्हणजे 'रस्ता नाही' असे मानलेले आहे. दर ३० सेकंदांनी तक्ता ऐकवायचा, म्हणजे वरची अफवा दोनपासून १६ पर्यंत चढायला सुमारे साडेतीन मिनिटे लागतात आणि मग ती मरते. त्याची किंमत अशी, की पंधरा टप्प्यांपेक्षा मोठ्या जाळ्यात ही पद्धत वापरताच येत नाही. दुसरा नियम: ज्या शेजाऱ्याकडून जे कळले ते त्यालाच परत सांगायचे नाही. तिसरा: वायर तुटली तर पाळीची वाट न पाहता लगेच सांगायचे. राउटरांमध्ये हे नियम असल्यामुळे टेबलावर वायर ओढून ही अफवा सहसा दिसत नाही, म्हणून कागदच बरा. शिवाय पॅकेटवर आयुष्याचा एक आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक राउटर त्यातून किमान एक वजा करतो आणि तो शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. रस्ते चुकले तरी पॅकेटांनी जन्मभर फिरत राहू नये यासाठी ही सोय आहे.

याच काळातली आणखी एक घटना सांगण्यासारखी आहे. १९७० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठातल्या इम्पच्या स्मृतीत बिघाड झाला आणि त्याच्या तक्त्यातली सगळी अंतरे शून्य झाली. त्याने ते इमानाने शेजाऱ्यांना ऐकवले: प्रत्येक ठिकाण माझ्यापासून शून्य अंतरावर आहे. बाकीच्या इम्पना तो सर्वांत जवळचा रस्ता वाटला, आणि ठिकठिकाणची पॅकेटे हार्वर्डकडे जाऊन नाहीशी होऊ लागली. एका यंत्राची स्मृती बिघडली आणि त्याचा त्रास दूरदूरच्या यंत्रांना झाला.

पाहिलेलेच सांगा

मे १९७९ मध्ये अर्पानेटने रीत बदलली. जॉन मॅक्क्विलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले, की प्रत्येक इम्पने फक्त स्वतः पाहिलेले सांगायचे: माझ्या तारा या, आणि त्यांची आजची स्थिती ही. दूरच्या ठिकाणांविषयी काही बोलायचे नाही. पण हे थोडकेच बोलणे जसेच्या तसे जाळ्यातल्या प्रत्येकापर्यंत पोचवायचे. मग प्रत्येक इम्प सगळ्यांच्या साक्षी जमवून सबंध नकाशा काढील आणि जवळचा रस्ता स्वतः शोधील. हा रस्ता शोधण्याची कृती डच गणिती एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली होती. म्हणजे सांगोवांगीच्या जागी प्रत्यक्ष साक्ष आली.

पण साक्षीलाही एक अडचण असते. एकाच इम्पची कालची आणि आजची अशा दोन बातम्या हाती आल्या तर ताजी कोणती? म्हणून प्रत्येक बातमीवर क्रमांक घातलेला असे. तो सहा बिटांचा होता, म्हणजे ० ते ६३, आणि मग पुन्हा ०. घड्याळासारखे हे वर्तुळ असल्यामुळे ताजे-शिळे ठरवायचा नियम होता: पहिल्या क्रमांकावरून पुढे जात अर्ध्या वर्तुळाच्या, म्हणजे ३२ घरांच्या आत दुसरा आला, तर दुसरा ताजा.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी ५० क्रमांकाच्या इम्पची एक बातमी ४४ हा क्रमांक घेऊन निघाली. तिच्या शेजारच्या २९ क्रमांकाच्या इम्पमध्ये बिघाड होता. त्यात अधूनमधून एखादा बिट गळत असे. द्विमान पद्धतीत ४४ म्हणजे १०११००. त्यातला एक बिट गळला आणि झाले १०१०००, म्हणजे ४०. आणखी एक गळला आणि झाले ००१०००, म्हणजे ८. आता एकाच इम्पच्या तीन बातम्या जाळ्यात फिरू लागल्या: ८, ४० आणि ४४. नियम लावून पाहा. ८ वरून ४० हे ३२ घरे पुढे, म्हणून ४० ताजी. ४० वरून ४४ चार घरे पुढे, म्हणून ४४ ताजी. आणि ४४ वरून ६३ पर्यंत जाऊन पुन्हा ० पासून ८ पर्यंत, म्हणजे २८ घरे पुढे, म्हणून ८ ताजी! प्रत्येक इम्प प्रत्येक बातमीला 'नवीन' समजून आधीची खोडत राहिला आणि नवी पुढे धाडत राहिला. या कामातून त्यांना उसंत मिळेना आणि खऱ्या पॅकेटांना जागा उरेना. जाळे कित्येक तास ठप्प होते.

तारेवरून जाताना चूक होऊ नये म्हणून पडताळणीची सोय होती. पण चूक तारेवर झालीच नव्हती. ती इम्पच्या पोटात, स्मृतीत झाली. एखादा इम्प बंद करून पुन्हा सुरू केला तरी उपयोग नव्हता, कारण शेजारी त्याला त्याच तीन बातम्या पुन्हा ऐकवत. शेवटी अभियंत्यांनी एकेका इम्पच्या प्रोग्रॅममध्ये बदल करून '५० क्रमांकाच्या बातम्या ऐकू नका' असे सांगितले, तेव्हा जाळे शांत झाले.

बीबीएनच्या एरिक रोझेन यांनी या घटनेचा वृत्तांत १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. झालेली चूक न झाकता अशी उघड मांडल्यामुळेच इतरांना तिच्यावर विचार करता आला. रेडिया पर्लमन यांनी १९८३ मध्ये या प्रश्नाचा अभ्यास मांडला. बिघडलेले यंत्र बाजूला काढले की जाळे आपोआप ताळ्यावर आले पाहिजे, त्यासाठी माणसाची गरज पडू नये, हे त्यांचे मुख्य म्हणणे होते. त्यांनंतरच्या पद्धतींमध्ये क्रमांक वर्तुळात फिरत नाहीत, बातमीला ठरावीक आयुष्य असते, आणि बातमी स्मृतीत असतानाही तिची पडताळणी होते.

जाळ्यांचे जाळे

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी/आयपी ही संदेशवहनाची पद्धत स्वीकारली आणि वेगवेगळ्या मालकीची जाळी एकमेकांना जोडण्याची वाट मोकळी झाली. भारतात १९८६ साली 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू झाला. त्यात भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी, मुंबईत जुहूला असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशा आठ संस्था होत्या. मुंबईचे हे केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण त्या दशकाच्या उत्तरार्धातच होऊ लागली होती. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

एका संस्थेच्या आत साक्षीची पद्धत चालते. पण वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या जाळ्यांना एकमेकांचा सबंध नकाशा मिळत नाही, आणि द्यायचाही नसतो. त्यांच्यामध्ये आजही 'अमुक पत्ते माझ्यामार्गे मिळतील' असे शेजाऱ्याला सांगण्याचीच रीत आहे. २५ एप्रिल १९९७ रोजी अमेरिकेतील एका लहान जाळ्याच्या राउटरने चुकून हजारो परक्या पत्त्यांचे रस्ते आपले म्हणून जाहीर केले. तो राउटर बंद केल्यावरही खोटे रस्ते काही काळ फिरत राहिले. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्यासाठी देशापुरता जाहीर केलेला एक रस्ता चुकून देशाबाहेर गेला. अधिक नेमक्या पत्त्याचा रस्ता आधी घ्यायचा हा राउटरांचा नियम आहे. हा रस्ता तसाच होता, म्हणून जगभरच्या राउटरांनी तो उचलला, आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब दिसेनासे झाले. आता कोणते पत्ते कोणत्या जाळ्याने जाहीर करायचे याची सांकेतिक सहीने पडताळणी करता येते. ही पद्धत हळूहळू पसरते आहे. सर्वत्र ती पोचलेली नाही.

आमच्या टेबलावरच्या 'ब'ला परतीचा रस्ता ठाऊक नव्हता, तेव्हा त्याने पॅकेट टाकून दिले. त्या वेळी आम्हाला ते अडेलपणाचे वाटले. हा इतिहास वाचल्यावर वाटते, ठाऊक नसताना रस्ता दाखवण्यापेक्षा ते बरे.

शेवटी वर्गासाठी एक प्रश्न. ज्याच्याकडून कळले त्यालाच परत सांगायचे नाही, या नियमाने दोन राउटरांमधली अफवा थांबते. आता तीन मुले 'अ', 'ब' आणि 'क' अशी त्रिकोणात उभी करा. तिघेही एकमेकांशी बोलू शकतात आणि 'क्ष' फक्त 'अ'च्या पलीकडे आहे. 'क्ष'ची वायर तोडा. 'अ'ने ही बातमी 'ब'ला सांगितली, पण 'क'ला अजून सांगितलेली नाही, अशा वेळी 'क'ला बोलू द्या. नियम तिघांनीही काटेकोर पाळायचा. आकडे कुठपर्यंत चढतात आणि का, हे मुलांना स्वतःच शोधू द्यावे.